ऐच्छिक रविवार

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी पाच वाजून चाळीस मिनिटांनी उठले. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात ओट्स गरम केले, अर्धे केळे खाल्ले आणि उरलेले अर्धे खिशात टाकले; ते माझ्या खोलीत राहणाऱ्या ब्रिटाचे. ती दाराशी वाकून बुटांच्या नाड्या बांधत होती. सहा वाजून पाच मिनिटांनी आम्ही दोघी बोटहाऊसला पोहोचलो. नदीवरचा बर्फ जाऊन तीन आठवडे झाले होते, तरी धक्क्याच्या फळ्या गोठलेल्या दहिवराने पांढऱ्या होत्या आणि पाय घसरू नये म्हणून त्यांवर कोणीतरी मीठ पसरून ठेवले होते. आतल्या सूचनाफलकावर शनिवारचा मजकूर पुसलेला होता, रविवारच्या रकान्यात काहीही नव्हते. रविवारचा सराव ऐच्छिक असल्यामुळे त्याची सूचना लावण्याची पद्धत नव्हती. सव्वासहाला आम्ही संघातल्या तेवीसच्या तेवीस जणी हजर होतो.

मी माझी कामे नेहमीच्या क्रमाने केली. सुकाणूच्या दोऱ्या ओढून पाहिल्या. हेडसेट चढवला आणि त्याचा माइक ओठांपासून दोन बोटांवर आणला. रेकॉर्डर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि चालू केला. आठ वल्ह्यांच्या होडीत सुकाणू धरून ताल देणारी जी नववी असते, तिला कॉक्स म्हणतात. कॉक्स आपलाच आवाज पुन्हा ऐकून शिकते, म्हणून रोजचा सराव ध्वनिमुद्रित करण्याचा रिवाज सगळ्याच संघांत आहे. माझ्या इशाऱ्यावर आठ जणींनी होडी डोक्यावर उचलली, धक्क्यावर आणली, पाण्यात उतरवली. सहा बत्तीसला आम्ही धक्का सोडला. वारा वायव्येकडून होता, फार नाही. आठ-आठ मिनिटांच्या चार फेऱ्या ठरल्या होत्या. पहिल्या दोन चांगल्या गेल्या. तिसऱ्या फेरीत, सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी, ब्रिटाच्या हातून वल्हे सुटले. ती पुढे वाकली ती वर आलीच नाही. कोच हॅलोरन यांची मोटरबोट बाजूला आली. आठ वीसला रुग्णवाहिका आली.

हा वृत्तांत मी आजवर तीनदा दिला आहे: विद्यापीठाच्या क्रीडा कार्यालयाला, विमा कंपनीच्या माणसाला आणि ब्रिटाच्या आईला. तिन्ही वेळा शब्द जवळपास हेच होते. त्यात खोटे काही नाही. एक जागा मात्र रिकामी आहे. सात चाळीस ते सात एक्केचाळीस.

होडीत आठही जणी प्रवासाच्या दिशेला पाठ करून बसतात, एकटी कॉक्स पुढे पाहते. तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या अंतरावर, स्ट्रोक बसते. बाकीची सात वल्ही जिच्या वल्ह्यामागे चालतात ती. आमची स्ट्रोक ब्रिटा टॉर्गरसन होती. दोन वर्षे, आठवड्यातून सहा सकाळी, मी तिचा चेहरा इतक्या जवळून पाहत आले. दम लागला की तिची डावी भुवई आधी वर जाते, उजवी मागून. जोर वाढवण्याआधी ती खालचा ओठ आत घेते. तिच्या आईलाही हे ठाऊक नसेल.

आणि दोन वर्षे मी तिचा हेवा करत होते. हेवा हा शब्द मी उशिरा वापरायला शिकले. आधी मी त्याला थकवा म्हणत असे. ब्रिटा सहा फुटांची होती. संघ तिच्यामागे शाळेपासून लागला होता, तिला पूर्ण शिष्यवृत्ती होती. मी याच विस्कॉन्सिन राज्यातल्या एका कागदगिरणीच्या गावातली, पाच फूट एक इंच. पहिल्या वर्षी बोटहाऊसच्या दारात स्वतःहून जाऊन उभी राहिले म्हणून मला ठेवून घेतलेले. कॉक्सला शिष्यवृत्ती क्वचितच मिळते. मी दुपारी ग्रंथालयाच्या खिडकीत पुस्तके देण्याघेण्याचे काम करत असे आणि ब्रिटा त्या वेळी झोपत असे, कारण कोचनी तिला झोपायला सांगितलेले असे. यातले काहीही तिचा दोष नव्हता. तिच्यात दोष सापडत नव्हता, हीच माझी अडचण होती.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी संघाचे जेवण होते. ब्रिटाला राष्ट्रीय संघाच्या उन्हाळी शिबिराचे पत्र आले होते आणि कोच हॅलोरन यांनी ते उभे राहून वाचून दाखवले. मग माझ्याकडे पाहून हसत त्या म्हणाल्या, होडी ब्रिटा चालवते, जोसी फक्त वाट सांगते. सगळ्या हसल्या, मीही हसले. ब्रिटा हसली आणि लगेच तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते हसणे मी विसरू शकले असते, तो हात नाही.

दुखापत पाठीच्या मणक्यांमधल्या चकतीची होती. जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली. वल्हे हातात धरायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि पुढे आणखी एखादी शस्त्रक्रिया लागेल असेही. विद्यापीठाचा विमा शिक्षण संपल्यावर दोन वर्षे पुरतो. मणक्यातली चकती माणसाला त्याहून जास्त काळ लागते. म्हणून ब्रिटाने, नव्हे तिच्या आईने वकील गाठला आणि कामावर जखमी झालेल्या कामगाराला जी भरपाई मिळते, ती राज्याच्या कायद्याखाली मागितली.

विद्यापीठाने दोन उत्तरे दिली. एक, खेळाडू हा विद्यार्थी आहे, नोकर नव्हे. दुसरे, घटकाभर त्याला नोकर मानले, तरी त्या रविवारचा सराव ऐच्छिक होता. ब्रिटा स्वतःच्या मर्जीने आली आणि तिने कोणाकडे कसलीही तक्रार न करता वल्हे मारले. पुरावा म्हणून त्यांनी तासांचे तक्ते जोडले. आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही असा नियम आहे, म्हणून दर सोमवारी एक टॅब्लेट फिरतो, प्रत्येक मुलगी तासांपुढे सही करते. आमच्या होडीचा तक्ता मी भरत असे. रविवारपुढे मी ‘ऐच्छिक’ असे लिहीत असे आणि सगळ्या जणी जांभया देत सह्या करत. त्या सोमवारी ब्रिटाने रुग्णालयातून फोनवर सही केली होती.

सप्टेंबरपासून कॉलेजात दुसरा विषयच नव्हता. फुटबॉलच्या मुलांना पुढच्या वर्षीपासून दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातला वाटा मिळणार अशी बोलणी वरच्या न्यायालयात चालली होती आणि जो तो, मग त्याने आयुष्यात चेंडू हाती धरलेला नसो, या विषयावर बोलत होता. ऑक्टोबरमध्ये विधी महाविद्यालयाच्या सभागृहात चर्चा झाली. ब्रिटा पहिल्या रांगेत, पाठीला पट्टा बांधून, ताठ. मी सगळ्यात मागे.

एका प्राध्यापकांनी सांगितले की संगीत विभागातली मुलगीही रोज पाच तास व्हायोलिन वाजवते, तिचाही खांदा दुखतो, म्हणून ती नोकर होत नाही. दुसऱ्या प्राध्यापिकेने विचारले, त्या मुलीने काय खावे, केव्हा झोपावे, कोणता विषय कोणत्या तासाला घ्यावा हे तिचे गुरुजी ठरवतात का, आणि तिच्या वाजवण्यावर विद्यापीठ आपल्या चिन्हाच्या टोप्या विकते का. पहिले म्हणाले, रोइंगच्या, म्हणजे वल्हवण्याच्या खेळाच्या, टोप्या कोणी विकत घेत नाही. दुसरी म्हणाली, तोट्यातल्या गिरणीतल्या कामगारालाही कामगारच म्हणतात. कोणीतरी मागून ओरडले, “मग नापास झालं की कामावरून काढायचं का?” आणि सभागृह हसले.

मग ब्रिटाला बोलायला सांगितले. तिला उठायला वेळ लागला. ती म्हणाली, “मला पगार नकोय. चाळिसाव्या वर्षी मला वाकून बुटाच्या नाड्या बांधता याव्यात, एवढंच.”

टाळ्या बराच वेळ वाजल्या. स्थानिक वृत्तपत्राच्या बाईने छायाचित्र घेतले. मी टाळ्या वाजवल्या आणि मनात म्हटले, हेही हिला छान सांगता येते. जूनपासून तिच्या नाड्या रोज सकाळी मीच बांधत होते. खोली आमची एकच होती. मी गुडघ्यावर बसायचे, ती भिंतीला टेकून पाय पुढे करायची. ही गोष्ट तिने सभागृहात सांगितली नाही, आणि तिने ती का सांगितली नाही याचा मला राग आला. विद्यार्थी तिला कॉफी आणून देत, अनोळखी मुली दार धरून उभ्या राहत. धावणे गेले, वल्हे गेले, शिबिर गेले, तरी सगळ्यांच्या नजरा तिच्याचकडे होत्या. दुखापतसुद्धा तिची होती.

परत येताना ती सावकाश चालत होती आणि मला तिच्या पावलाला पाऊल जुळवावे लागत होते.

“ओडेलबाई तुझ्याकडे येणारेत,” ती म्हणाली. मिरियम ओडेल ही तिची वकील. “मी त्यांना सगळं सांगितलंय. वल्हं सुटायच्या आधी मी तुला म्हटलं होतं, पाठ गेली, थांबव. पण तुला नसेल ऐकू गेलं.”

मी जाकिटाची चेन वर ओढली.

“वारा होता ना,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हटले. “वारा होता.”

“मी त्यांना तेच सांगितलं. जोसीला ऐकू गेलं असतं तर तिनं होडी थांबवली असती, हेपण सांगितलं.” मग ती हसली. “तू लोकांवर ओरडतेस, पण तेवढी वाईट नाहीस.”

दुसऱ्या दिवशी ओडेलबाई ग्रंथालयाच्या खिडकीशी आल्या. साठीच्या, सपाट बुटांच्या, आवाज इतका खालचा की मला पुढे वाकावे लागले. नोकर की विद्यार्थी, हा वाद न्यायालयांमध्ये अजून कितीतरी वर्षे चालेल, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या समोरच्या न्यायाधीशाला मात्र डिसेंबरमध्ये एक लहान प्रश्न सोडवायचा होता: तो रविवार खरोखर ऐच्छिक होता का. तेवीस मुलींपैकी एकीनेही अजून त्यावर तोंड उघडले नव्हते. त्यांनी मला रेकॉर्डरबद्दल विचारले. मी सांगितले की रेकॉर्डर संघाचे असतात. दर शनिवारी सरावानंतर ते कोचच्या कार्यालयात पुसले जातात आणि आम्हाला परत मिळतात.

“आणि रविवारचं?” त्यांनी विचारले.

“रविवारी ऑफिस बंद असतं.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. मग खिडकीच्या कडेवर आपले कार्ड ठेवले आणि त्यावर एक बोट. “काही मिळालं तर जसंच्या तसं आणा,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याकडे माणसं आहेत, कापलेलं लगेच ओळखतात.”

रविवारचा सराव नियमाप्रमाणे झालेलाच नसतो, म्हणून त्याचा रेकॉर्डरही कोणी मागायला येत नाही. ब्रिटाला रुग्णवाहिकेत चढवले, तेव्हा तो माझ्या खिशात चालूच होता. पुढच्या शनिवारी तो पुसायला देण्याआधी मी आतले सगळे माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतले. का, ते मला तेव्हाही नीट सांगता आले नसते. ऑगस्टपर्यंत मी ते उघडले नाही. ऑगस्टमध्ये एकदा उघडले आणि लगेच बंद केले.

ओडेलबाई येऊन गेल्या त्याच आठवड्यात कोच हॅलोरन यांनी मला बोलावून घेतले. त्या वाईट बाई नाहीत. हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझी आई वारली तेव्हा त्या तीन तास गाडी चालवून आमच्या गावी आल्या होत्या आणि स्वयंपाकघरात उभ्या राहून त्यांनी भांडी पुसली होती. त्यांनी दार लावले, मला बसायला सांगितले आणि म्हणाल्या, “ब्रिटा वैद्यकीय यादीत गेली. तिचं तिला मिळत राहील, पण संघाच्या हिशेबातली शिष्यवृत्तीची एक जागा मोकळी झाली. जानेवारीपासून तुझं नाव दिलंय मी. तू हे केव्हाच कमावलं होतंस, जोसी.”

अट काहीच नव्हती. तसे ध्वनिमुद्रण अस्तित्वात आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. हे वाक्य ऐकण्यासाठी मी तीन वर्षे थांबले होते. बाहेर आले तेव्हा माझे पाय हलके झाले होते, आणि तो हलकेपणा बोटहाऊसपासून ग्रंथालयापर्यंत टिकला. तिथे पुस्तके लावताना माझ्या लक्षात आले की मला मिळाले तेही तिने सोडलेले होते. माझ्या मापाचे असे काही नव्हतेच. तिचे उरलेले केळे मी खाणार होते.

रविवारी दुपारी मी बाबांना फोन केला. बाबा कागदाच्या गिरणीत चोवीस वर्षे होते. डाव्या हाताची दोन बोटे यंत्रात गेल्यावर त्यांना भरपाई मिळाली होती, आणि गिरणी बंद झाली तरी ती मिळतच राहिली. मी शिष्यवृत्तीची बातमी सांगितली. त्यांना आनंद झाला, तो त्यांनी दोन वेळा खाकरून व्यक्त केला. मग विचारले, ती उंच पोरगी कशी आहे. मागच्या नाताळात ब्रिटा आमच्याकडे आली होती आणि तिने बाबांच्या हातची पिएरोगी, सारण भरून उकडलेल्या करंज्यांसारखी, सतरा खाल्ली होती. त्याची आठवण बाबा अजून काढतात.

“गोठवून पाठवलीत तिच्यासाठी,” ते म्हणाले. “बटाटा आणि चीज. मंगळवारी पोचतील.”

“आणि माझ्यासाठी?”

“त्यातलीच घे की. तू खाऊन खाऊन किती खाणार.”

मी त्यांना विद्यापीठाचे म्हणणे सांगितले. नोकर की विद्यार्थी, याबद्दल बाबांना फारसे कुतूहल नव्हते. त्यांनी विचारले, रविवारी न जाणारी एखादी मुलगी माहीत आहे का. मी म्हटले, दुसऱ्या वर्षी एक होती, दोनदा आली नाही. मग? मग ती तिसऱ्या होडीत गेली आणि वसंतात संघातून गेली.

“मग तुमच्यात फक्त हजेरीचं यंत्र नाही,” बाबा म्हणाले. “बाकी गिरणीच आहे ती.” मग म्हणाले, “माझ्या वेळी मॅनेजर माझं नाव घेऊन म्हणाला होता, विचोरेकनं स्वतःहून हात घातला. स्वतःहून. मी पगारासाठी हात घातला होता, बाळा, हौस म्हणून नाही.”

मी फोन ठेवला आणि लॅपटॉप घेऊन ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. रविवारी दुपारी तिथे कोणी नसते. खिडकीतून नदी दिसते.

पहिली सव्वीस मिनिटे सगळी कामाचीच होती: मीठ तुडवणारे बूट, होडी घासल्याचा आवाज, माझे आकडे. मग मोटरबोटीवरून, भोंग्यातून, कोचचा आवाज, अगदी स्पष्ट: “रविवारी ज्या घरी झोपल्या त्यांची नावं मला पाठ आहेत. तुमचीही आहेत. शनिवारच्या शर्यतीत कोण बसणार ते मी आजच ठरवते.” ओडेलबाईंना हवे होते ते एवढेच. त्यांचा लहान प्रश्न या तीन वाक्यांत सुटत होता.

मी पुढे जाऊ दिले. दुसरी फेरी. तिसरी. मग माझ्या समोरून, गुडघ्याच्या अंतरावरून, ब्रिटाचा आवाज. वारा आहे, पण माइकने तिला पकडले आहे, कारण ती माझ्या तोंडाशीच बोलते आहे.

“जोसी, पाठ गेली. थांबव.”

वल्ह्याच्या दोन फटक्यांइतकी शांतता. त्या दोन वल्ह्यांत मी तिचा चेहरा पाहिला होता. दोन्ही भुवया एकदमच वर गेल्या होत्या. तसे पूर्वी कधी झाले नव्हते, आणि म्हणूनच मला नक्की कळले होते. आदल्या दिवशीचे पत्र, तो खांद्यावरचा हात, सगळे त्या दोन वल्ह्यांत माझ्या तोंडापर्यंत आले होते.

मग माझा आवाज, सगळ्या होडीला ऐकू जाईल असा: “ऐकलं. शिबिराला जाणाऱ्या बाईंना थांबायचंय. त्यांच्यासाठी आणखी दहा, पूर्ण जोर. होडी कोण चालवतं ते बघू या.”

एक. दोन. तीन. सहाव्याला वल्हे सुटले.

मागच्या सात जणींनी ‘त्यांच्यासाठी आणखी दहा’ हे रोज ऐकले होते. कॉक्स असेच काहीतरी ओरडतात. ब्रिटाने काय म्हटले ते त्यांना कळणे शक्य नव्हते, म्हणून माझे वाक्यही कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. ब्रिटाच्या लक्षात होते की नाही, हे मला माहीत नव्हते. तिने सहा महिने सगळ्यांना वाऱ्याचे सांगितले होते. कदाचित वेदनेत तिला ऐकू आले नसेल. कदाचित आले असेल, आणि तिने मला तो वारा दिला असेल, त्या खांद्यावरच्या हातासारखाच. मला दुसरी शक्यता जास्त असह्य वाटली.

ओडेलबाईंनी बजावले होते, तरीही मी तो तुकडा कापला. ब्रिटाच्या ‘जोसी’पासून माझ्या ‘बघू या’पर्यंतचा, आणि तालात खोट राहू नये म्हणून पुढच्या दोन वल्ह्यांसकट. जोड इतका नीट जमला की तो मलाही ऐकू येईना. मला या कामाचा सराव होता. नवख्या कॉक्सना पाठवण्यासाठी मी ध्वनिमुद्रणे अशीच नेहमी कापत-जोडत असे. मग मी ते सुरुवातीपासून ऐकले. कोचची तीन वाक्ये जागच्या जागी होती. दुसरी फेरी, तिसरी फेरी, मिनिटाला बत्तीस फटक्यांचा ताल, ब्रिटाचा श्वास, आणि मग काही न होता, काही न बोलता, तिच्या हातून वल्हे सुटले. जणू तिने ते स्वतःच सोडले. जणू तिला काही दुखत नव्हते, तिने कोणाला काही सांगितले नव्हते आणि ती शेवटपर्यंत आपल्या मर्जीने वल्हे मारत होती. विद्यापीठाच्या उत्तरात हेच वाक्य होते. ते मी त्यांच्यापेक्षा चांगले लिहून दिले होते.

मी ते आणखी एकदा ऐकले. मग कापलेली प्रत पुसून टाकली.

त्यामुळे माझे मन स्वच्छ झाले असे मी लिहिणार नाही. खिडकीत बसून मी हाच विचार करत होते की या प्रकरणातूनही तीच मोठी होऊन बाहेर पडणार. तिला भरपाई मिळेल, छायाचित्र छापून येईल, आणि ती मला क्षमा करेल, सगळ्यांदेखत, सहज. मला तिच्या रागाची गरज होती आणि तो ती देणार नाही अशी भीती होती. हा हेवा पुढेही माझ्यासोबत राहणार होता. आता मला त्याच्यासह जिने उतरून खाली जायचे होते.

सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे ब्रिटाच्या नाड्या बांधल्या. उजवी, मग डावी, दुहेरी गाठ. तिने भिंतीला टेकून पाय पुढे केला.

“काल कुठे होतीस?” तिने विचारले.

“ग्रंथालयात. त्या रविवारचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, ब्रिटा. पूर्ण.”

तिने पाय मागे घेतला नाही. ती माझ्या डोक्यावरून दाराकडे पाहत होती. मी वर पाहिले. डावी भुवई हलली नव्हती, उजवीही नाही. तिचा चेहरा मला पहिल्यांदाच वाचता आला नाही.

“मला ऐकू आलं होतं,” मी म्हटले.

“माहितीये,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “गाठ घट्ट झालीये. सैल कर.”

मी गाठ सोडून पुन्हा बांधली.

मिरियम ओडेल यांचे कार्यालय मुख्य रस्त्यावर, न्हाव्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. नऊ वाजता त्या आलेल्या नव्हत्या. टेबलामागच्या बाईने माझ्याकडून पेनड्राइव्ह घेतला, पाकिटात घातला आणि पोचपावतीचा छापील कागद पुढे केला. तारीख: एप्रिलचा पहिला रविवार. अवधी: दोन तास आठ मिनिटे. संपूर्ण की निवडक, यापुढे मी ‘संपूर्ण’ असे लिहिले. शेवटच्या ओळीत ध्वनिमुद्रणात कोणाकोणाचे आवाज आहेत ते विचारले होते. मी कोच हॅलोरन यांचे नाव लिहिले, त्याखाली ब्रिटा टॉर्गरसन, आणि त्याखाली, तितक्याच मोठ्या अक्षरात, जोसेफीन विचोरेक. मग सही केली, माझी प्रत घडी करून खिशात ठेवली आणि साडेनऊच्या तासाला गेले.